मागचं चाक फिरवायचं नाही

दिगू,

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जमलेल्या लोकांना वाटलं, ताईचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. तुला ठेवायला पोर्चमध्ये जागा हवी होती आणि पोर्चच्या मधोमध तुझी गाडी उभी होती. मागचं चाक स्टँडवर उचललेलं, इंजिनाच्या एका बाजूची झाकणं उघडी. वैजापूरहून आलेला आपला चुलतभाऊ वसंता पुढे झाला. "ताई, गाडी जरा अंगणात ढकलतो, मंग सतरंजी टाकू इथं," म्हणत त्यानं हँडलला हात घातला आणि मी ओरडले, "चाक फिरवायचं नाही!"

तोपर्यंत मी धड रडलेही नव्हते. वसंतानं चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. मागून कुणीतरी बाई हळू आवाजात म्हणाली, "राहू द्या हो. भावाचा जीव होता त्या गाडीत." मग तुला गाडीच्या शेजारीच ठेवलं, थोडं तिरकं, कारण सरळ मावत नव्हतास. येणारा प्रत्येक जण आधी तुला हात जोडायचा, मग गाडीकडे बघायचा, आणि तिथे त्याचे डोळे भरून यायचे. माया होतीच, ती मी नाकारत नाही. पण मी ओरडले ते मायेपोटी नाही. कारण बेल्टचं होतं, आणि ते समजेल असा तिथे एकच माणूस होता. तो सतरंजीवर होता.

हे मी सई आणि तन्मयला वाचता यावं म्हणूनही लिहितेय. नातवंडं दूर असली की त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, तेव्हा तुला पाठ असलेल्या काही गोष्टी पुन्हा येतील. कंटाळू नकोस. माझ्या वर्गात तू कधी बसला नाहीस, आता बस.

मुलांना इतकं कळलं तरी पुरे. तुझ्या गाडीच्या इंजिनात दोन सिलिंडर आहेत आणि प्रत्येकासाठी एक रबरी, दातेरी बेल्ट. खाली पिस्टन वर-खाली होतो, वर व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटतात. दोघांची जागा जवळजवळ एकच. वेळ तेवढी वेगळी. ती वेळ सांभाळतो बेल्ट. बेल्ट काढलेला असताना इंजिन फिरलं, तर पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. गाडी गिअरमध्ये असेल तर मागचं चाक फिरवणं म्हणजेच इंजिन फिरवणं. त्या सकाळी गाडी सहाव्या गिअरमध्ये होती आणि दोन्ही जुने बेल्ट तू आदल्या दिवशी दुपारी काढून माझ्या पायाशी ठेवले होते. वसंतानं दोन पावलं जरी ढकललं असतं, तरी तू वीस वर्षं जपलेलं इंजिन तुझ्या डोळ्यांदेखत मोडलं असतं. डोळे मिटलेले होते, पण तरी.

ही गाडी तुला सापडली फर्दापूरला. एका हॉटेलच्या मागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, मालकाच्या मुलाची हौस फिटल्यावर पडून राहिलेली. तू कारखान्यातल्या पाहुण्यांना लेणी दाखवायला गेला होतास आणि लेणी त्यांची त्यांना बघायला सोडून दिवसभर त्या शेडमध्ये बसलास. इटलीची, लाल, बसायला एकच सीट, आणि हँडल इतकं खाली की चालवणारा नमस्कार घालतोय असं वाटावं. तिचा क्लच उघडा, कोरडा; गाडी उभी असली की आतून चमच्यांचा डबा हलवल्यासारखा आवाज. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हणाले, "अरे, काहीतरी सुटलंय." तू खूश होऊन म्हणालास, "ताई, ही असंच बोलती."

मग आमच्याकडे ते वर्ष आलं. सईचे आजोबा गेले. माझा मुलगा निखिल परत आपल्या परदेशातल्या नोकरीवर गेला, माणसं आपापल्या घरी गेली, सिडकोतल्या या घरात मी आणि भिंतीवरची घड्याळं उरलो. महिना झाला असेल. एका सकाळी फाटकाशी टेम्पो थांबला आणि त्यातून आधी गाडी उतरली, मग तू.

"ताई, माझ्या फ्लॅटला पार्किंग न्हाई. ही बाहेर धुळीत राहती. तुझ्या पोर्चमधी लावू का?"

"लाव."

पुढच्या आठवड्यात हत्यारांची पेटी आली. मग "रोज कुठं येऊ-जाऊ" म्हणत गादी आली. मग तू फ्लॅट भाड्यानं दिलास आणि माझ्या मसाल्यांच्या कपाटात ग्रीसचा डबा दिसला. मी त्यावर चिठ्ठी चिकटवली: "खाण्याचे नाही." तू त्याखाली लिहिलंस, "चव बघून सांगतो."

आपल्या कामाची एक रीत होती. तू जमिनीलगतच्या लाकडी स्टुलावर, मी वेताच्या खुर्चीत, मांडीवर गाडीचं मॅन्युअल. मी एक पायरी वाचायची आणि थांबायचं. तू ती करायची आणि "झालं" म्हणायचं. "झालं" ऐकल्याशिवाय मी पुढचं वाक्य वाचायचं नाही, मग मधे अर्धा तास का जाईना. कारखान्यात मोठ्या मशीनवर तुम्ही असंच करायचात म्हणे. करणाऱ्यानं वाचायचं नाही आणि वाचणाऱ्यानं हात लावायचा नाही. "दोन्ही एकानंच केलं ना ताई, की तो मनातल्या मनात एखादी पायरी गाळतो, अन् वर छातीठोकपणे सांगतो, केली होती म्हणून."

ते मॅन्युअल कुणा इटालियन माणसानं शब्दकोश पुढ्यात घेऊन इंग्रजीत आणलं असावं. आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलेल्या बाईला ते सोसेना. सुरुवातीला मी वाचता वाचता वाक्यं दुरुस्त करायची. तू हातातला पाना तसाच धरून वर बघायचास.

"त्याला मार्क नको देऊस. वाच."

"अरे, पण या वाक्याला कर्ताच नाही!"

"कर्ता मी हाय. तू वाच."

आपलं खरं भांडण मात्र व्याकरणाचं नव्हतं. ते आजही मिटलेलं नाही. मला वाटायचं, एखादी वस्तू बनवणाऱ्यानं विचार करून बनवलेली असते. ती आपल्या हाती आली की जशी आहे तशी जपावी. तुला वाटायचं, बनवणाऱ्यानं जालना रोड पाहिलेला नाही. तिची वीज सांभाळणारा डबा इंजिनाच्या उष्णतेनं उन्हाळ्यात जळायचा, म्हणून तू तो पुढे वाऱ्यात आणलास. तो बसवायला भोकं असलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हवा होता. एका रविवारी मी इडलीपात्र काढलं तर एक ताटली कमी. गाडीपाशी गेले. हेडलाइटखाली माझी ताटली, निम्मी कापलेली, स्क्रूंनी पक्की बसवलेली.

"हवा खेळती बघ त्या भोकांतून," तू म्हणालास. "इडलीला काय चालतं, तेच हिला चालतं."

मला राग आला होता. पण त्यानंतर तो डबा एकदाही जळला नाही, हेही इथे नोंदवायला हवं.

पुढे तुझी मनगटं दुखायला लागली आणि तू ते खालचं हँडल काढून उंच हँडल बसवायचं ठरवलंस. तेव्हा मी दोन दिवस तुझ्यासाठी मॅन्युअल वाचलं नाही. "तिचं रूपच जाईल," मी म्हणाले. "ज्यासाठी तू ती आणलीस, तेच बदलतोयस."

तिसऱ्या दिवशी माझ्या डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. बाटली हातात घेऊन म्हणालास, "वर बघ. दोन्ही डोळ्यांत बाहेरची भिंगं बसवून घेतली ना? मग? तुझं रूप गेलं का?"

"ती वेगळी गोष्ट."

"व्हय, वेगळीच. तुला दिसाया पाह्यजे, मला चालवाया पाह्यजे."

डोळ्यांत औषध असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही, असं मी नेहमी म्हणते. जुनं हँडल माझ्या एका सुती साडीत गुंडाळून तू माळ्यावर ठेवलंस. "मी गेल्यावर लाव परत," म्हणालास, आणि मी म्हणाले, "लावणारच आहे." असं बोलायला त्या वेळी काही वाटलं नाही. माझा धाकटा भाऊ माझ्याआधी जाईल, हे कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

त्यानंतर तू पुन्हा पहाटे करमाडपर्यंत जायला लागलास. तिथल्या टपरीवर चहा-भजी खाऊन, ऊन चढायच्या आत परत. फाटकाशी गाडीचं तोंड वळवताना तुझी फजिती व्हायची. हँडल जेमतेम वळतं, गल्ली अरुंद; पुढे, मागे, पुढे, मागे. समोरच्या घरातली माणसं गच्चीतून सल्ले द्यायची. मी आतूनच कान देऊन असायची. चमच्यांचा डबा गल्लीच्या तोंडाशी वाजला की कढईखालचा गॅस लावायचा, म्हणजे तू हात धुवून येईपर्यंत पोहे तयार. आवाज मला आवडतो असं मी तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस. पोहे वेळेवर मिळत होते, त्यावरून तुला कळलं असेल.

आणि ती दुपार.

नवे बेल्ट येऊन पडले होते. रबराला उजेड आणि दमट हवा चालत नाही म्हणून तू ते माझ्या शेवयांच्या मोठ्या डब्यात ठेवले होते, तुरीच्या डाळीशेजारी. मी वाचत होते. जुने बेल्ट काढा. तू म्हणालास, "झालं." यापुढे तुम्ही इंजिन कोणत्याही परिस्थितीत फिरवू नका. तू हसलास. "हे बाकी त्यानं नीट लिहिलंय, कर्त्यासकट. चहा टाक ताई, मग पुढचं वाच."

मी चहा घेऊन आले तेव्हा तू स्टुलावरच होतास, डोकं टाकीवर टेकलेलं, कान पत्र्याला. मला वाटलं, ऐकतोयस. तुझी सवयच ती. बंद इंजिनातही तुला काहीतरी ऐकू यायचं. म्हणून मी कप खाली ठेवला आणि थांबले. तुला मध्येच हाक मारलेली आवडत नाही. डॉक्टर नंतर म्हणाले की मी लगेच ओरडले असते तरी फरक पडला नसता, तुला काही कळलंही नसेल. मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे.

दिवसकार्य आटोपल्यावर निखिलचा फोन आला. "आई, गाडीचं काय करायचं? पुण्यातला एक माणूस आहे, जुन्या परदेशी गाड्या घेतो. टेम्पो घेऊन येईल."

तो माणूस आला. सभ्य होता, तुझी तारीफही केली. गाडीभोवती फिरून म्हणाला, "ढकलत टेम्पोत चढवू."

"बेल्ट नाहीत," मी म्हणाले. "व्हॉल्व्ह वाकतील."

"मॅडम, तशीही ती खोलायचीच आहे. पार्ट म्हणून जाईल. चालू असती तर गोष्ट वेगळी."

मी त्याला चहा दिला आणि परत पाठवला. त्या संध्याकाळी निखिलला सांगितलं, आधी बेल्ट बसून इंजिनाची झाकणं नीट लागू देत, मग पुढचं पुढे. त्यानं विचारलं, "आई, कोण करणार?" मी म्हणाले, "बघते." मागून सईचा आवाज आला, "आजी, तू करणार? सिरियसली?"

मला भीती वाटत होती, दिगू. अशी भीती की बेल्टचा एक दात जरी मागे-पुढे बसला आणि मी स्टार्टर दाबला, तर वसंताच्या हातून जे वाचवलं ते माझ्याच हातून मोडणार. वसंताला निदान माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझ्याकडे "माहीत नव्हतं" म्हणायची सोय नव्हती. आणि ते मोडलं तर तू अर्ध्यावर ठेवलेलं काम मी संपवलं असं होणार नव्हतं. तू केलेलं सगळं मी पुसून टाकलं, असं होणार होतं.

तुझे मित्र अन्वरभाई रोज संध्याकाळी येऊन बसत होते. पूर्वी तुझ्याशी भांडायला यायचे, आता माझ्याशी न बोलता चहा प्यायला. मी त्यांना विचारलं, मदत कराल का.

"आपा, मेरेकू स्कूटर के आगे कुछ नहीं आता. इस मेमसाब से तो मैं पहले से डरता."

"तुम्हाला फक्त धरायचंय. मी सांगेन तिथं धरायचं."

"वो करता. धरने का काम तो जिंदगीभर किया," ते म्हणाले. मग बेल्टशिवायच्या त्या उघड्या इंजिनाकडे बघून हळूच, "दिगू देखता तो हसता, नई?"

"हसता," मी म्हणाले.

वाचायला सई. मी मॅन्युअलच्या पानांचे फोटो तिला पाठवले आणि फोन विटांवर उभा केला. माझ्याकडे दुपार, तिच्याकडे सकाळ. पोरगी केस विंचरायच्या आत बसली होती. मी तिला रीत समजावली. मी "झालं" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही.

"पण आजी, तुला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं. तूच वाच ना."

"आज मी करणारी आहे. करणाऱ्यानं वाचायचं नाही."

पहिल्याच पायरीला ती थांबली. "आजी, या सेंटेन्सला सब्जेक्टच नाही."

मला काय झालं ते लिहून सांगता येणार नाही. अन्वरभाईंनी पाण्याचा ग्लास दिला. मी म्हणाले, "सब्जेक्ट मी आहे. तू वाच."

जुळवायच्या खुणांवर तू माझ्या खोडाखोड झाकायच्या पांढऱ्या शाईचे ठिपके देऊन ठेवले होतेस. त्यामुळे शोधाशोध करावी लागली नाही. वेताच्या खुर्चीत बसून, वाकून, मी दोन्ही बेल्ट चढवले. अन्वरभाईंनी ताण देणारी पुली दाबून धरली, मी बोल्ट आवळले. मग मॅन्युअल म्हणतं तसं मागचं चाक हातानं हळू फिरवत इंजिनाच्या दोन पूर्ण फेऱ्या. प्लग काढलेले असल्यामुळे चाक हलकं होतं. कुठे अडलं नाही. पण फेऱ्या संपल्यावर ठिपके समोरासमोर आले नाहीत. एक दात चुकला होता.

"इतनेसे क्या होता आपा? बालभर का फरक है."

"होतं अन्वरभाई. काढू या परत."

"पूरा?"

"पूर्ण."

कुठे चुकलं ते मला तेव्हाच कळलं. मी वरून बघत होते. वरून, खुर्चीतून, दोन ठिपके एका रेषेत दिसतात. समोरून बघितलं तर नसतात. तू त्या बुटक्या स्टुलावर का बसायचास, गुडघे दुखत असताना, मी इतक्या वेळा खुर्ची देऊ केलेली असताना, ते मी कधी विचारलंच नव्हतं. स्टूल भिंतीशी सरकवलेलं होतं. तू गेल्यापासून त्यावर कुणी बसलं नव्हतं. मी कुणाला बसू दिलं नव्हतं. अन्वरभाईंनी ते उचलून आणलं, रुमालानं पुसलं आणि गाडीजवळ ठेवून दुसरीकडे बघत उभे राहिले. मी बसले.

इंजिन डोळ्यांच्या उंचीवर आलं. ठिपके स्वच्छ दिसले. आणि मान जरा वर केल्यावर, टाकीच्या वरून, स्वयंपाकघराची खिडकी दिसली. ओटा, गॅस, मी जिथं दिवसाचा निम्मा वेळ उभी असते ती जागा. इतकी वर्षं मला वाटायचं, तू गाडीत डोकं घालून बसलायस आणि माझ्याकडे तुझं लक्ष नाही.

आता ते सांगून टाकते, कारण तू समोर असताना सांगणं शक्य नव्हतं. तुझ्या फ्लॅटला पार्किंग होतं. मी वास्तुशांतीला आले होते, दिगू. जिन्यालगत, छताखाली, खांबावर तुझ्या फ्लॅटचा नंबर रंगवलेला होता आणि सगळ्यांच्या चपला तिथंच काढल्या होत्या. तुझा टेम्पो फाटकाशी थांबला तेव्हाच मला सगळं कळलं होतं. "मला सोबत हवी" असं मी म्हणणाऱ्यातली नाही, आणि "तुला सोबत करतो" असं तू म्हणणाऱ्यातला नाहीस. म्हणून आपण गाडी मध्ये उभी केली. मी "लाव" म्हणाले, ते तुझं खोटं कबूल करून म्हणाले. ते तुला कळलं होतं की नाही, हे आता कधीच समजणार नाही. मला वाटतं, कळलं होतं.

बेल्ट पुन्हा काढले, पुन्हा चढवले. सई न कंटाळता तीच पायरी परत वाचत होती, मध्ये आईनं नाश्त्याला हाक मारली तर "थांब, आजीचं झालं नाहीये" म्हणून ओरडली. दोन फेऱ्या. या वेळी ठिपके एकमेकांसमोर येऊन उभे राहिले.

मग ताण. त्यावर आपलं किती वाजलं होतं! मी म्हणायची, पुली आणि बेल्टच्या मधून पाच नंबरची षटकोनी अ‍ॅलन-की सरकली पाहिजे आणि सहा नंबरची सरकता कामा नये. असं सरळ, मोजता येणारं काम. तू बोटानं बेल्ट छेडायचास, तंबोऱ्याच्या तारेसारखा, आणि कान देऊन म्हणायचास, "लागला." मी म्हणायची, हा काय पुरावा झाला? मी अ‍ॅलन-की घातली. पाचची गेली, सहाची अडली. दोन्हीकडे. सईला म्हणाले, "झालं."

अन्वरभाई प्लग लावायला वळले तेव्हा मी बोटानं बेल्ट छेडला. खालच्या पट्टीतला, भरीव, जरासा घुमणारा सूर. तुझ्याकडून शंभरदा ऐकलेला. तोच होता. म्हणजे तू बरोबर होतास आणि मीही, आणि आपण उगाचच भांडत होतो, किंवा उगाच नाही. मला ते भांडण हवं होतं.

झाकणं लागली. बॅटरी जोडली. चोक ओढला. अन्वरभाई दोन पावलं मागे सरकले, मग लाजून परत पुढे आले. "बिस्मिल्ला करो, आपा." मी स्टार्टर दाबला. कुरकुर झाली आणि थांबली. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा एक सिलिंडर बोलला, मग दुसरा, आणि मग सगळा पोर्च थरथरला. विटांवरचा फोन आडवा पडला. आतून चमच्यांचा डबा वाजू लागला आणि समोरच्या गच्चीवर माणसं आली. कुणी सल्ला दिला नाही. मी गाडी गरम होईपर्यंत चालू ठेवली, टाकीवर हात ठेवून. मग किल्ली फिरवली. ती बंद झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी सवयीनं स्वयंपाकघराकडे वळत होते. पोहे टाकायला.

सईनं फोनमधून सगळं ऐकलं होतं. ती रडत होती आणि वाचतही होती, कारण मी तिला थांब म्हटलं नव्हतं. "आजी, शेवटचं वाक्य आहे. गाडी चालवली नाही तरी दोन वर्षांनी बेल्ट बदला. उभ्या गाडीचेही बेल्ट म्हातारे होतात... म्हणजे असंच काहीतरी लिहिलंय. हे पण झालं म्हणायचं का?"

"नाही," मी म्हणाले. "ते अजून व्हायचंय. तेव्हा तू इथे ये. तू स्टुलावर बसशील, मी वाचीन."

निखिलला त्याच दिवशी कळवलं की पुण्याच्या माणसाला नको म्हण. माळ्यावरचं हँडल मी उतरवलं, साडी सोडून पुसलं, बघितलं, आणि परत गुंडाळून ठेवलं. लावणार नाही. तुझंच राहू दे. सईची मनगटं तरुण आहेत, तिला हवं असेल तर ती ठरवेल. मी तिच्याशी वाद घालीनच.

अन्वरभाई हात धुवून आले. पोर्चमधल्या धुळीकडे, वरून गळणाऱ्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले, "आपा, एक बात बोलूँ? यहाँ पानी आता, धूल आती. किराएदार गया, दिगू का फ्लॅट अब खाली है. नीचे पार्किंग भी है, छतवाली. मेमसाब को वहाँ रखते. मैं रोज देख के आता."

मी चहाचं आधण ठेवत होते. खिडकीतून गाडी दिसत होती, तिच्यापाशी रिकामं स्टूल.

"नाही हो अन्वरभाई," मी म्हणाले. "त्या फ्लॅटला पार्किंग नाही."